लाल रेघा

“एक बटण दाबा सर, लगेच बसतं,” असं शेजारच्या टेबलावरच्या स्नेहलने सांगितलं, म्हणून मी फाइली लिहायच्या एडिटरमध्ये ते चुका दाखवणारं प्लगइन बसवलं. आमच्या टेलिफोन कंपनीच्या नेटवर्कमधलं कोणतं यंत्र कशाला जोडलंय, याचा आराखडा मी बारा वर्षं एका फाइलीत लिहीत आलोय. क्षणात त्या फाइलभर लाल नागमोडी रेघा उमटल्या. इथे अर्धविराम नाही, तिथे क्रम चुकला. पाहुण्याने घरात पाऊल टाकताच फळीवर बोट फिरवून धूळ दाखवल्यावर यावा, तसा संताप आला. अरे, तू एक तरी टॉवर चढलायस का? पण चुका काढणाऱ्याला काम यावं लागत नाही, हा जगाचा जुनाच नियम.

“तुमच्याच भल्यासाठी आहे सर,” स्नेहल हसली.

भलं करणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. दातओठ खात मी एकेक चूक दुरुस्त करत खाली आलो. तळाशी माझीच जुनी टीप होती: ‘घाटापलीकडच्या दवाखान्याला एकच लाइन आहे. तुटली तर दुसरी नाही. नंतर बघू.’

माणसांसाठी लिहिलेल्या टिपा ते प्लगइन तपासत नाही. त्या टिपेखाली एकही रेघ नव्हती.