सुलैबियातली स्पॅनिश कादंबरी

स्पॅनिश कादंबरी कशी वाढली हे जगात दोनच ठिकाणी नीट कळतं: एक माद्रिदमध्ये आणि दुसरं आखातात, सुलैबियातल्या आमच्या आठ जणांच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर. त्या खाटेवर आमचे एसीवाले काका असायचे. मूळचे दापोलीकडचे, शिक्षण आयटीआय. अहमदीत एका बंगल्याचा एसी दुरुस्त करताना, मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाने त्यांना इंग्रजीत आलेल्या स्पॅनिश कादंबऱ्यांचं खोकं दिलं आणि काका हातचे गेले. वाचताना कानावरची पेन्सिल हातात यायची आणि समासात जॉब कार्डावरचे शेरे पडायचे. "इथे गळती." "नायिका तपासली, ठीक." एका हुकूमशहापुढे तर "फिल्टर साफ करणे" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे.

शुक्रवारी सुट्टी. बांगड्याचं कालवण अंगावर येऊन आम्ही आडवे झालो की काका सुरू व्हायचे. "आधी जमीनदार आणि पाद्री यांच्या गोष्टी. मग देशात यादवी झाली, बोलायची चोरी, तेव्हा लेखक आडून बोलायला शिकले. तिकडे समुद्रापलीकडच्या भावकीने मेलेल्यांनाच पंगतीला बसवलं. आणि आताचे लेखक परक्या शहरात भाड्याच्या खोलीत बसून लिहितात. म्हणजे आपल्यावरच रे." इतिहास संपला की एका जाडजूड कादंबरीचं पुढचं प्रकरण मराठीत. त्यातली नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून काकांनी पात्रांना आमचीच नावं दिली होती. आमचा भास्कर प्लंबर तिसऱ्या प्रकरणात विहिरीत पडून मेला आणि त्याने चार दिवस अबोला धरला. शेवटी काकाच समजूत घालायला गेले. "अरे मेल्या, रुसतोस काय? पुढच्या शुक्रवारी भूत होऊन येतोस. या भाषेत मेलेल्या माणसाला सुट्टी नसते."

"भूत झाल्यावर जेवण असतं ना?" एवढंच भास्करने विचारून घेतलं.

माझ्या वाट्याला धाकटा भाऊ आला होता, आईला "येतो" सांगून बोटीत बसलेला. मी स्वतः चार वर्षं घरी गेलो नव्हतो आणि गावी आई एकटी होती. दर शुक्रवारी मी विचारायचो, "काका, पोचलो का मी?"

"पानं आहेत अजून," काका म्हणायचे.

मग काकांचं कंत्राट संपलं. निघायच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी शेवटचं प्रकरण सांगितलं. धाकटा भाऊ घरी पोचला. आईने दार उघडलं, आधी जेवायला वाढलं आणि मग रडली. भास्कर भूत असूनही डोळे पुसत होता. त्याच आठवड्यात मी रजेचा अर्ज टाकला आणि आईला भेटून आलो.

विमानाच्या तीस किलोंत खोकं बसेना म्हणून काकांची पुस्तकं माझ्याकडेच राहिली. परवा अडखळत अडखळत मी ती कादंबरी संपवली. धाकटा भाऊ घरी पोचतच नाही. बंदरावरच्या एका खोलीत तो मरतो आणि आई दाराकडे बघत राहते. मला काकांची फार आठवण आली. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने त्यांचं अक्षर होतं आणि पुढे सही: "दुरुस्त केले."