किसनला पळू द्या

मी शिरूर अनंतपाळला बहिणीकडे गेले होते. दुपारी मुलाचा फोन आला, "आई, लगेच निघ." पुढं त्याला बोलवेना... लातूरला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि हे दिवाणावर शांत पडलेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. पुढच्याच रविवारी आम्ही दोघं उमरीकडे जाणार होतो, ते राहिलंच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी कादंबरी लिहायला घेतली, स्वतःच्या गावाची. देश स्वतंत्र झाला तरी आपल्याकडे निजामाचंच राज्य होतं. उमरीजवळच्या त्या खेड्यात पोरांनी तिरंगा लावला आणि रझाकारांनी माणसं पारावर गोळा करून गोळ्या घातल्या. ह्यांचे आजोबा त्यातच गेले. ते डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं, गोदामावशी. तेव्हा ती परकरी पोर. झेंडा बांधला होता तो तिच्या थोरल्या भावानं, किसननं. हे कितीतरी वर्षं तिच्याकडे जात राहिले. बुटांचे आवाज, आईनं आतून लावून घेतलेलं दार, सगळं ती सांगायची. किसनचं नाव निघालं की मात्र उठून चुलीपाशी जायची.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांनी तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. मीही सोबत होते. किसनला गोळी लागते तिथं तिनं हात वर केला.

"मास्तर, पुस्तक तुमचंच हाय नव्हं? मंग किसनदादाला पळू द्या की."

"मावशी, खोटं कसं लिहू? माझा आजा तिथंच पडलाय."

"त्यायनी मारलंच की एकदा. तुमी कशाला परत मारून राहिले?"

ह्यांनी वही मिटली. घरी आल्यावर कित्येक महिने पेन हातात धरलं नाही. समोरचा चहा गार व्हायचा, हे खिडकीबाहेर बघत बसायचे. "एकट्या किसनला वाचवलं तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?" म्हणायचे. हे गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र एका बैठकीत प्रकरण नव्यानं लिहिलं. किसन उभ्या ज्वारीत शिरतो, पाठीमागं बंदुका... आणि पान संपतं. "मारला नाही, वाचवलाही नाही," मला म्हणाले. "मावशीला चालेल का गं?"

तेराव्यानंतर मी एकटीच गेले आणि ते पान वाचलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"म्हंजे अजून पळूनच राहिला?"

"हो."

"बरं केलं मास्तरांनी." मग तिनं विचारलं, "त्यायला लई तरास झाला का, जाताना?"

"नाही मावशी. झोपेतच..."

"किसनदादाला लई झाला," ती म्हणाली. आणि इतक्या वर्षांत ह्यांना जे कधी सांगितलं नाही, ते माझा हात घट्ट धरून सांगत गेली. दिवस मावळेपर्यंत किसन पारावर जिवंत होता. पाणी मागत होता. घरात ऐकू येत होतं... आणि कुणालाच दार उघडता आलं नाही.

परतीच्या एसटीत मी तिचं एकेक वाक्य मनात घोळवत होते. विसरायला नको होतं. लातूरला उतरले, रिक्षा केली, दाराचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यातूनच हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मावशी बोलली..."