दिल्लीच्या पाहुण्याच्या गळ्यात आत्याची माळ

हसायचं न्हाय, आधीच सांगतो. ह्यो गाढवपणा म्या शुद्धीत केलाय.

तिसऱ्या झटक्यात मॅट्रिक निघून कसाबसा कॉलेजात शिरलो, अन् त्याच साली दिल्लीहून लई मोठे पुढारी आमच्या कॉलेजात येणार! निजाम गेल्यापासनं असला पाहुणा ह्या मातीत आला नव्हता.

माझा दोस्त बब्या म्हनला, "मोठी मानसं हार घातला की लगीच काढतेत. तू टिकवून दाखव!"

"टिकवला तर?"

"तुला गुरू म्हनीन."

एवढ्यावर भुललो बघा!

आमची आत्या तुळजापूरच्या आईची आराधीण. दर शुक्रवारी कवड्याची माळ घालून पाच घरी जोगवा मागितल्याबिगर पाणी बी पीत न्हाय. सकाळी तीच माळ खुंटीवरनं उचलली अन् स्टेजवरच्या झेंडूच्या हारात दडवली. तासाभरात परत आणू, हाय काय त्यात? आज शुक्रवार, हे डोक्यातच न्हाय!

प्रिन्सिपल साहेबांनी स्वतःच्या हातानं हार घातला. पाहुण्यांनी फुलं काढली. कवड्या गळ्यातच ऱ्हायल्या!

तेवढ्यात मंडपात बसलेल्या बायांतली एक म्हातारी उठली. कवड्या गळ्यात म्हंजे जोगवा वाढायलाच पाहिजे की! तिनं फडक्यातली भाकर काढून पाहुण्यांच्या हातावर ठिवली. "आई राजा उदो उदो!" मग काय, रांगच लागली! कुणी जोंधळे, कुणी गूळ.

प्रिन्सिपल साहेब ओरडले, "कुणाचा चावटपणा हा? नाव कापतो त्याचं!"

पण पाहुणे हसले न्हाईत. भाकर कपाळाला लावली, तुकडा मोडून खाल्ला.

अन् मोटार निघाली. माळंसकट! बब्या तर गुरू म्हनायला बी थांबला न्हाय.

घरी आत्या चुलीम्होरं उपाशी. "माझंच कायतरी चुकलं रं. आईनं माळ परत नेली."

"आईनं न्हाय, आत्या. म्या नेली."

"कुठंय?"

"दिल्लीला निघाली."

सगळं ऐकून आत्यानं हळूच इचारलं, "त्यांनी गळ्यातनं काढली न्हाय नव्हं?"

"न्हाय."

"मग पोचली आईला." तिनं जोगव्याची परडी माझ्या हातात कोंबली. "ऊठ. आज माझा जोगवा तू मागायचा. पहिलं घर तुझ्या साहेबांचं."

दार साहेबांनीच उघडलं. परडी म्होरं केली.

"साहेब, जोगवा वाढा. अन् ते नाव कापायचंय नव्हं, ते बी दारातच उभं हाय."