गळ्यात घंटा असलेला राक्षस

मंचरला एसटीत चढलो. शेजारची मुलगी पुण्याच्या होस्टेलवरून पिंपरी पेंढारला घरी निघाली होती आणि कागदावर राक्षस काढत होती. माझ्या मांडीवर ‘बिबट्या हटवा’ म्हणणारी आमच्या गावकऱ्यांची पत्रकं होती. त्या दिवसांत तिन्हीसांजेला पोरं अंगणात सोडायची कुणाची हिंमत नव्हती.

तिनं सांगितलं, होस्टेलच्या मैत्रिणी फासे टाकून एक गोष्टीचा खेळ खेळायच्या. प्रत्येकीनं एक पात्र व्हायचं. ही चांगल्या मनाचा राक्षस होणार होती.

“पण बाकीच्या बघताक्षणी तलवारी काढतील, भाऊ. बोलायच्या आधीच मरंल त्यो,” ती नख कुरतडत म्हणाली.

“मग दात खोडून टाक.”

“मंग राक्षस कसला? गाय झाली की!”

बऱ्याच खाडाखोडीनंतर तिनं त्याच्या गळ्यात घंटा काढली. “लांबनंच वाजंल. त्यांना बी सावरायला येळ, त्याला बी.”

फाट्यावर ती उतरली. दिवस मावळला होता आणि वाट उसातून होती.

“एकटी जाऊ नकोस!” मी खिडकीतून ओरडलो.

तिनं पिशवीतून जेवणाचा रिकामा डबा काढला, चमच्यानं बडवायला लागली आणि उसाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, “मी चाललेय रं, भिऊ नको!”

एसटी हलली. थोड्या वेळानं डबा ऐकू येईना. आम्ही लांब आलो होतो, की डबा वाजायचाच थांबला होता, मला कळेना.