शोरूममधलं लग्न

माझं लग्न बारामतीत, इंदापूर रस्त्यावरच्या मोटारींच्या जुन्या शोरूममध्ये लागलं. ठरलं तसं नव्हतं. मांडव आमच्या दारातच घातला होता. नव्वद सालानंतरच्या एका वैशाखातली ही गोष्ट. लग्नाच्या सकाळीच वावटळ आली आणि तिनं मांडव उचलून शेजारच्या बोरीवर नेऊन टाकला. कळंबहून वऱ्हाड तर निघालेलं. वडील डोक्याला हात लावून ओट्यावर बसले.

तेवढ्यात समोरच्या शोरूमचे म्हातारे मालक धोतर सावरत आले. मोटारी विकणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, पण इमारत रोज झाडून घ्यायचे. पन्नासच्या दशकातली ती. कोपरा गोल वळवलेला, रस्त्याकडं छतापर्यंत काचा, आत काळ्या-पांढऱ्या फरशा.

"तात्या, बसलाय काय? माझ्याकडं जागा हाय की."

"आबा, तितं लग्न?" वडिलांनी विचारलं.

"का न्हाय? एवढ्या मोटारी हार घालून हितनं सासरी धाडल्या. तुमची लेक न्हाय व्हय धाडता येणार?"

सकाळपासून पहिल्यांदा वडील हसले. गल्लीतल्या बायकांनी काचा पुसल्या, बोरीत अडकलेली तोरणं सोडवून आणली. शोरूमच्या मधोमध एक गोल लाकडी चौथरा होता. नवी मोटार त्यावर ठेवून फिरवायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला ती चारी अंगांनी दिसे. वऱ्हाड आल्यावर आम्हा नवरा-नवरीला त्यावरच उभं केलं.

अक्षता पडल्या, हार घातले. काचेबाहेर लोक सायकली थांबवून बघत होते. मागून कुणी बाई ओरडली, "आमाला नवरी दिसंना!"

"थांबा," म्हणत आबा खाली वाकले, चौथरा अडकवून ठेवणारी खिटी काढली आणि खांदा लावून चौथरा रेटला. करकरत तो फिरायला लागला. मी घाबरून नवऱ्याचा हात घट्ट धरला. बघण्याच्या कार्यक्रमात आम्ही एक अक्षरही बोललो नव्हतो.

"सोडू नका, पडाल," तो हळूच म्हणाला.

नवरीनं हसायचं नसतं, हे मला पाठ होतं. तरी फस्सकन हसू फुटलं. मग तोही हसला आणि सासूबाई तर पदर तोंडाला लावूनही थांबेनात. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा कुठं आबा दमले.

पंगती मागच्या गॅरेजात बसल्या. पुढच्या वैशाखात गल्लीतली आणखी दोन लग्नं तिथंच लागली. त्याआधी आबांनी चौथऱ्याला नवं ग्रीस भरून घेतलं होतं.