रडारचं कुणी ऐकलं नाही

जॉब कार्डवर मजकूर आधीच टाइप झालेला होता. माझी फक्त सही हवी होती. 'अपघाताचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं: चालकाचे दुर्लक्ष, पुढची काच अस्वच्छ.

"मी अजून गाडीला टूलसुद्धा लावलेलं नाही," मी म्हटलं.

"कंपनीकडूनच आलंय तसं," जाधव साहेब म्हणाले. ते आमच्या सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर. "त्यांनी फोटो बघून ठरवलं. काचेवर धूळ दिसतेय. सही करा मॅडम, फाइल पुढं जाऊ दे."

"साहेब, गाडी क्रेनला टांगून आणलीय. वाठारच्या फाट्यापासून धुरळा खात आलीय. धूळ असणारच की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन टेबलावर ठेवून गेले. मी पेन उचललं नाही.

मी कोल्हापुरात हायवेलगतच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये डायग्नोस्टिकचं काम करते. म्हणजे गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि तिच्या मेमरीत काय नोंदलंय ते वाचायचं. एकोणीस वर्षं या धंद्यात काढली. आधी डिझेलच्या गाड्या, आता इलेक्ट्रिक. गाडी खोटं बोलत नाही, एवढं या वर्षांत शिकले. बाकी बरेच जण बोलतात.

ती गाडी तोडकर काकांची होती. विरूपाक्ष तोडकर, कोडोलीत कापडाचं दुकान. गाडी पसंत केली होती ती त्यांच्या बायकोनं, शैलाकाकूंनी. शोरूममध्ये त्या मला म्हणाल्या होत्या, "ह्यांचं वय झालंय. आता गाडीला तरी अक्कल असू दे." ही गाडी समोर काही आलं तर आपणहून ब्रेक दाबते, हे ऐकून त्यांनी घेतली होती.

ही अक्कल कुठून येते, ते थोडक्यात सांगते. आरशाच्या मागे, काचेला लागून एक कॅमेरा असतो. आणि पुढच्या बंपरमध्ये, तळहाताएवढ्या काळ्या डब्यात रडार. कॅमेरा बघतो आणि ओळखतो: ही मोटरसायकल, हा माणूस, ही म्हैस. रडारला म्हैस आणि मोटरसायकल यातला फरक कळत नाही. ते लहरी सोडतं, त्या आपटून परत येतात, आणि त्यावरून समोर काहीतरी आहे, ते इतक्या फुटांवर आहे आणि आपण इतक्या वेगानं त्याच्यावर चाललोय, हे त्याला नेमकं कळतं. ऊन असो, धुकं असो, त्याला फरक पडत नाही. कॅमेऱ्याला पडतो. तोही शेवटी डोळाच.

रडार निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. उड्डाणपुलाचे लोखंडी कठडे बघून ते कधीकधी बिचकायचं आणि मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारायचं. मागचा माणूस शिव्या द्यायचा. अशा तक्रारी आल्या की मी त्या कंपनीला कळवायचे, सुधारणा करा म्हणून.

त्यांनी सुधारणा केली नाही. रडारच काढलं. नव्या गाड्या फक्त कॅमेऱ्यावर येऊ लागल्या. एक डबा कमी, एक वायरिंग कमी. तेही एक वेळ समजू शकते. पण मग रडारवाल्या जुन्या गाड्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर सांभाळावं लागलं असतं. तो ताप नको म्हणून कंपनीनं जुन्या गाड्यांनाही नवंच सॉफ्टवेअर पाठवलं. त्यात जुन्या गाडीतलं रडार गाडीत तसंच राहतं, पण ब्रेकचा निर्णय एकटा कॅमेरा घेतो.

आम्हाला जे पत्रक आलं त्यात हे एका आडवळणाच्या वाक्यात होतं. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर मात्र दोनच शब्द: 'कामगिरीत सुधारणा'.

तोडकर काकांच्या गाडीला ते अपडेट मी स्वतः टाकलं होतं, दिवाळीच्या आधी. काका बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, "काय बदललं, बाई?" मी म्हटलं, "काही नाही काका, सुधारणा आलीय." ते बरं म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

आता तीच गाडी तोंड चेपून माझ्यासमोर उभी होती.

मी टूल लावलं. पहिल्यांदा कॅमेऱ्याची स्थिती बघितली. काच घाण असेल, चिखल उडाला असेल, तर कॅमेरा स्वतःच 'मला दिसत नाही' अशी नोंद करतो आणि ड्रायव्हरला दिवा दाखवतो. तशी नोंद नव्हती. कॅमेऱ्याच्या मते त्याला सगळं व्यवस्थित दिसत होतं. पुढची नोंद: समोर वाहन नाही. वाहन नाही. वाहन नाही. मग नऊ मीटरवर आल्यावर: वाहन आहे. त्यानंतर धडक.

म्हणजे काच अस्वच्छ हे कारण तिथंच निकालात निघालं.

मग मी रडारची मेमरी उघडली. रडारचा डबा बंद केलेला नव्हता, फक्त त्याचं ऐकणं बंद केलं होतं. डबा बिचारा आपलं काम करत होता. पंचाण्णव मीटरवर त्यानं नोंद केली होती: पुढे काहीतरी आहे, फार हळू चाललंय. ऐंशी मीटर, अजून आहे. साठ मीटर. चाळीस. प्रत्येक वेळी सांगितलं होतं. पहिल्या नोंदीपासून धडकेपर्यंत साडेसहा सेकंद होते. साडेसहा सेकंदात गाडी थांबून वर ड्रायव्हरला घसा साफ करायला वेळ उरतो.

माझे हात गरम झाले. रागानं माझं असंच होतं. मी ती सगळी पानं छापली आणि जाधव साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी वाचलं. त्यांना कळत नाही असं नाही, ते स्वतः मेकॅनिकपासून मॅनेजर झालेत.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंय?"

"अजून नाही."

"मग नका दाखवू. पुण्याहून पारेख येतील. त्यांच्याशी बोलू."

"आणि सही?"

"तोपर्यंत राहू दे," ते म्हणाले. तेवढं त्यांनी केलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी कोडोलीला गेले. कंपनीनं पाठवलं नव्हतं. मला जावंसं वाटलं.

शैलाकाकू पलंगावर बसल्या होत्या. डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, हात झोळीत. काकांच्या छातीला सीटबेल्टचा मुका मार. चहा त्यांनीच केला, एकेक कप धरत आणला.

मी विचारलं, नेमकं काय झालं.

"संध्याकाळचं कोल्लापुरास्नं येत हुतो," काका म्हणाले. "वाठारवरनं आत वळलो की ऊन डोळ्यावर येतंय. फुडं उसाचा ट्रॅक्टर हाय, दोन ट्रॉल्या, हे मला दिसलंच न्हाई. दिसला तवा पाय मारला की मी, पर उशीर झाल्ता. माझी चूक न्हाई असं मी म्हणत न्हाई. पर गाडी का न्हाई थांबली? मागं एकदा पुलावर काय नसताना थांबली हुती."

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. दिवाळीच्या आधी काय टाकलं, त्यानं काय बंद झालं, आणि ते मीच टाकलं. सुधारणा म्हणून सांगितलं तेही मीच. कार्डवर 'काच अस्वच्छ' असं लिहून आलंय, हेही सांगितलं.

शैलाकाकू बोलल्या.

"म्हंजे गाडीला दोन डोळं हुतं. त्यातला येक झाकला. आन् आमास्नी सांगितलं न्हाई?"

"हो."

"आन् आता लिवून द्यालेत की आमची काच घाण हुती."

"हो."

"काच मी पुसली हुती," त्या म्हणाल्या. "निघताना. माझ्या पदरानं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी छापलेल्या पानांची एक प्रत तिथं ठेवली. गाडी त्यांची, तिच्या मेमरीतली नोंदही त्यांची. असं माझं मत होतं आणि आहे.

तीन दिवसांनी पारेख आले. कंपनीचे पुण्याचे टेक्निकल मॅनेजर. वयानं माझ्याहून लहान, हुशार, मराठी स्वच्छ. त्यांनी पानं चाळली आणि पहिला प्रश्न विचारला.

"रडारची मेमरी तुम्ही का उघडली? त्याची गरज नव्हती."

"अपघात झालाय. सगळं उघडायचं असतं."

"मॅडम, रडारच्या तक्रारी तुमच्याच सेंटरनं सर्वात जास्त पाठवल्या. खाली तुमचंच नाव आहे. त्यावरूनच हा निर्णय झाला."

हे ऐकून मला जे वाटलं ते छापण्यासारखं नाही. माझ्याच तक्रारी माझ्यासमोर पुरावा म्हणून ठेवल्या होत्या.

"मी दाढ दुखते म्हणून सांगितलं," मी म्हटलं. "तुम्ही जबडा काढला. आणि पेशंटला सांगितलं, तब्येत सुधारली."

जाधव साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"हे बघा," पारेख म्हणाले, "उसाची ट्रॉली ही एज केस आहे." एज केस म्हणजे क्वचित कधीतरी घडणारी गोष्ट. "मागून ऊस लोंबत असतो, रिफ्लेक्टर झाकलेले असतात. कॅमेऱ्याला ते वाहन वाटत नाही, झाडी वाटते. कॅमेरा शिकतोय. पुढच्या अपडेटमध्ये येईल."

"तो शिकेपर्यंत आमची माणसं धडकणार?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग आज दुपारी माझ्याबरोबर चला. एज केस दाखवते."

ते आले. नाही म्हणाले असते तर मी काही करू शकले नसते. पण आले.

डेमोची गाडी घेतली. तेच मॉडेल, रडार असलेलं, तेच अपडेट टाकलेलं. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला. अर्ध्या पडद्यावर कॅमेरा काय म्हणतो ते, अर्ध्यावर रडार. वाठारहून वारणानगरच्या, म्हणजे कोडोलीच्याच रस्त्याला वळलो तेव्हा पाच वाजून गेले होते. गळिताचा हंगाम. ऊन सरळ काचेत. फार शोधावं लागलं नाही. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला होता, बैलगाडीच्या गतीनं, मागं मोळ्यांचे शेंडे रस्त्यापर्यंत लोंबलेले.

मी बरंच अंतर ठेवून मागे लागले. पाय ब्रेकवरच होता.

"सांगा," मी म्हटलं.

"रडार... सत्तर मीटर. वाहन हळू चाललंय."

"कॅमेरा?"

ते पडद्यावर वाकले.

"कॅमेरा काय म्हणतो, पारेख साहेब?"

"काही नाही."

मी थोडी जवळ गेले. पन्नास मीटर. रडार सांगत होतं. कॅमेऱ्याची बाजू रिकामीच. डॅशबोर्डवर पुढच्या गाडीचं जे छोटं चित्र उमटायला हवं, तिथं नुसता मोकळा रस्ता दिसत होता. पारेखांनी हात कपाळावर धरून पुढे बघितलं.

"या उन्हात मलाही नीट दिसत नाहीये," ते म्हणाले.

"म्हणूनच तो डबा बसवला होता."

पुढचं वळण आलं, ट्रॅक्टर रस्त्याकडेला थांबला. आम्ही मागे रेंगाळतोय हे ड्रायव्हरनं बघितलं असावं. तो उतरून आला.

"काय पावणं, का मागं लागलाय? जावा की फुडं."

पारेखांनी काच खाली केली. "तुमच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही का?"

"हाय की. उसाखाली हाय." त्यानं गाडीकडे बघितलं. "येवढी म्हागाची गाडी, तुमास्नी ट्रॉली दिसना व्हय?"

परत आल्यावर गाडीतून उतरताना पारेख म्हणाले, "मॅडम, मी रिपोर्ट पाठवतो. पण वर काय होईल सांगता येत नाही." मला वाटतं ते खरं बोलत होते.

वर काय झालं ते सांगते. जॉब कार्डवरचं 'काच अस्वच्छ' खोडलं गेलं. त्या जागी मी लिहिलं: कॅमेऱ्याने वाहन ओळखले नाही, रडारने ओळखले, रडारची नोंद वापरात नव्हती. खाली सही केली. कंपनीनं तोडकर काकांची गाडी 'सद्भावना म्हणून' दुरुस्त करून दिली. चूक मान्य केली नाही. माफीचा एक शब्द त्या पत्रात नव्हता. काकूंच्या खांद्याचा तर उल्लेखच नव्हता.

दोन महिन्यांनी नवं पत्रक आलं. जुन्या गाड्यांतलं रडार पुन्हा वापरात आणता येईल, पण गिऱ्हाइकानं लेखी मागणी केली तरच. गिऱ्हाइकाला हे कळवायचं की नाही, यावर पत्रकात काही नव्हतं. जे बंद झालंय हे माहीतच नाही, ते सुरू करा म्हणून माणूस लेखी मागणी कसा करणार? हे लिहिणाऱ्याच्या डोक्याला मी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं.

मग मी आमच्या सेंटरची यादी काढली. ज्या ज्या गाडीला आम्ही ते अपडेट टाकलं होतं, तिच्या मालकाला फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, रोज थोडे. काय बंद झालंय ते सांगितलं, अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. काहींनी धन्यवाद दिले. एका डॉक्टरांनी माझ्यावरच आवाज चढवला, आणि त्यांचं बरोबर होतं. पहिला अर्ज तोडकर काकांचा आला, शैलाकाकूंच्या अक्षरात.

महिनाभरात मला मेमो आला. कंपनीच्या परवानगीशिवाय ग्राहकांशी संपर्क का साधला, याचा खुलासा करावा. जाधव साहेबांनी तो माझ्या हातात देताना नजर चुकवली नाही. म्हणाले, "थोडक्यात लिहा."

मी एका ओळीत लिहिलं: ग्राहकाच्या गाडीतून काय काढून घेतले ते ग्राहकास सांगितले.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नोकरी आहे. नव्या गाड्या अजूनही रडारशिवायच येतात आणि शोरूममध्ये त्या जास्त प्रगत म्हणूनच विकल्या जातात. मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगते की अपडेट आलं की त्यात काय वाढलं ते विचारत बसू नका. ते सगळे सांगतात. काय कमी केलं ते विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.