मात्रेच्या बाटलीतला रस

१९५७च्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या वहिनीला कुप्या तपासायच्या टेबलावरून उठवून कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. तिला कोणताही आजार नव्हता. ती मोसंबीचा रस पीत होती.

कारखाना औषधांचा होता, पिंपरीजवळचा. इंजेक्शनचं औषध कालवायला लागणारं शुद्ध पाणी तिथे काचेच्या लहान कुप्यांत भरत. भरलेली प्रत्येक कुपी कोणीतरी डोळ्यांनी पाहावी लागे. टेबलावर दिवा, त्यामागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा पडदा. कुपी उलटी करायची, सुलटी करायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर काचेचा कण चमकतो, पांढऱ्यावर धागा दिसतो. काही दिसलं की ती कुपी लाल खोक्यात. हे काम बायका करत. मी त्याच कारखान्यात लेबलं चिकटवत होते. तपासणीची खोली आणि आमचं खातं यांच्यामध्ये काचेची भिंत होती, म्हणून पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते वहिनीनं सांगितलेलं आहे.

वहिनी हंगामी होती. कायम होण्याआधी परीक्षा असे. टेबलाच्या प्रमुख बाई चांगल्या कुप्यांत काही सदोष कुप्या मिसळून ठेवत. कोणत्या, ते फक्त त्यांनाच ठाऊक. अशी परीक्षा सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा होई. पहिल्या खेपेला वहिनी सकाळी उत्तीर्ण झाली आणि दुपारी नापास झाली. बाईंनी दुपारची परीक्षा पुन्हा द्यायला सांगितली. तीच शेवटची संधी होती.

घरी शेत होतं, गोठा होता. पोटासाठी नोकरी हवी अशी परिस्थिती नव्हती. भाऊ तिला म्हणाला, "जाऊ दे की मग. रोज चिखलीपासनं चालत जायचं, ते तरी वाचंल."

वहिनी भाकरी थापत होती. "गोठ्यात मला कोणी इचारत न्हाई, काय दिसलं म्हणून," ती म्हणाली. "तिथं इचारत्यात."

चौथीत शाळा सुटल्यापासून कारखान्यात येईपर्यंत तिची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

दुपारी कुप्या का सुटतात, याचा विचार ती चालता चालता करत असे. टेबलावरच्या बायका सकाळपासून पाणी पीत नसत. पाणी प्यायला बाहेर जावं लागे, आणि प्यायलं की पुन्हा जावं लागे. बाहेर गेलं की झगा आणि टोपी उतरवा, परत येताना कोपरापर्यंत हात धुवा, पुन्हा झगा चढवा, आणि तेवढ्यात आपल्यापुढे कुप्यांच्या पाट्या साचलेल्या. असा नियम कोणी केलेला नव्हता. जुन्या बायका पीत नव्हत्या म्हणून नव्याही पीत नव्हत्या. भूक लागली तरी जेवणाच्या सुट्टीत दोन घास कोरडेच खायचे आणि परत बसायचं. दुपारी कुपी दिसायची, पण लक्ष तिच्यावर ठरायचं नाही, असं वहिनी म्हणे.

आदल्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला होता. तेव्हा माझी आई तिला मोसंबीचा रस देत असे. रस प्यायला की घटकाभरानं डोकं जागेवर यायचं, कोण काय बोललं ते ध्यानात राहायचं, हे तिला आठवत होतं. तिनं आईकडे रस मागितला.

आमच्या विहिरीवर मोसंबीची दोन झाडं होती. ती फळं आजाऱ्यासाठी राखलेली असत. घरच्याच नव्हे, गावात कोणी आजारी पडलं की माणूस आमच्याकडेच येई. कोणाच्या दारी मोसंबीची सालं दिसली की शेजारी चौकशीला जात.

"रस आजाऱ्याला असतोय," आई म्हणाली. "धडधाकट माणसानं पिला तर दुखण्याला वाटतंय, आपल्यालाच बलावलंय."

"मग त्याला सांगा की आत्याबाई, परीक्षा झाल्यावर ये."

आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मोसंबी पिळली. बिया राहिल्या तर कडू लागतं म्हणून फडक्यातून गाळली, मिठाची चिमूट टाकली. वहिनीवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. सालं उकिरड्यात पुरली. घट्ट बुचाची बाटली घरात एकच होती, तापाच्या वेळी खेडच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची. तिच्यावर मात्रा दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली होती. बाटली आतून कढत पाण्यानं धुतली, पट्टी मात्र आईनं काढू दिली नाही. रस म्हणजे तिच्या लेखी औषधच होतं, आणि औषध मोजून घ्यायचं असतं.

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून वहिनी नेई आणि जेवणाच्या सुट्टीत पिई. दुपारपर्यंत रस कडवट झालेला असे. पहिले काही दिवस तिला फरक जाणवला नाही. नंतर ती म्हणू लागली की दुपारची कुपी आता सकाळच्या कुपीसारखी दिसते. ती हे कौतुकानं सांगत नसे. भाजीत मीठ बरोबर पडलंय, हे सांगावं तसं सांगे.

परीक्षेच्या दिवशी सुट्टीत शेजारच्या बाईनं ती बाटली पाहिली.

"काय गं, डोहाळे लागलं व्हय?"

"न्हाई गं."

"तोंड तर कडू केलंयस. डोहाळ्याला कोन कडू पितंय?" दुसरी म्हणाली. "औषध हाय ते. पट्टी न्हाई का दिसत?"

हसणं झालं. पण बोलणं प्रमुख बाईंच्या कानावर गेलं. ताप-खोकल्याच्या माणसानं त्या टेबलावर बसायचं नाही, हा मात्र लिहिलेला नियम होता. बाई पुण्याच्या, कडक आणि सरळ. त्यांनी बाटली हातात घेतली.

"हे काय आहे?"

"मोसंबीचा रस."

"आजारी आहेस?"

"न्हाई."

"आजारी नाहीस, तर रस कशाला?"

चिखलीत आणि पुण्यात याबाबतीत काही फरक नव्हता. वहिनीकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. बाईंनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि वेळेत परतली नाही तर परीक्षा होणार नाही, असंही सांगितलं.

डॉक्टरांनी ताप पाहिला, घसा पाहिला, छाती तपासली. बूच काढून बाटलीचा वास घेतला. मग विचारलं. वहिनीनं सगळं सांगितलं, पाणी न पिण्याचंही.

"रसानं बुद्धी वाढते असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सकाळपासून घोटभर पाणी नाही, पोटात धड अन्न नाही, मग डोकं चालणार कशावर? रसात पाणी आहे, साखर आहे. पीत जा. पाणीसुद्धा पीत जा."

"पान्याला गेलं की झगा उतरावा लागतोय."

"मग उतरवा."

प्रकृती ठीक असल्याची चिठ्ठी घेऊन ती परत आली. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि कुप्यांची पाटी तिच्यापुढे ठेवली.

मी काचेपलीकडून पाहत होते. तिची मान हलत नव्हती, फक्त मनगट फिरत होतं. उलटी, सुलटी, काळा, पांढरा. एका कुपीवर ती थांबली. पुन्हा उलटी केली आणि आतलं पाणी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. कुपी लाल खोक्यात गेली. घाई नव्हती, रेंगाळणंही नव्हतं. इतकं नेटकं काम मी त्या कारखान्यात आधी पाहिलं नव्हतं.

पाटी निम्मी झाल्यावर ती उठली. टोपी काढली, झगा उतरवून खुंटीला लावला आणि बाहेर गेली. टेबलावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. वहिनी नळावर पाणी प्यायली, परत आली, कोपरापर्यंत हात धुतले, झगा चढवला आणि बसली. उरलेली पाटी तिनं त्याच चालीनं संपवली.

बाईंनी लाल खोकं ओढून घेतलं आणि एकेक कुपी उलटून तळाची बारीक खूण भिंगातून पाहिली.

"सगळ्या आहेत," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात टेबलावरच्या बायका आळीपाळीनं पाण्याला उठू लागल्या. महिनाअखेर वहिनीला कायम केल्याचं सांगण्यात आलं. त्या संध्याकाळी आईनं मोसंबी पिळली आणि रस दोन पेल्यांत ओतला. एक वहिनीला दिला, एक स्वतः प्यायली. तिला ताप नव्हता.